पाऊणकीचं बंदर

साठच्या दशकात आम्हाला शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी पाठ करावी लागे. दशमान नाणी आली होती, आणे-पै गेले होते, तरी गुरुजी काही सोडायला तयार नव्हते. इतर गावांतल्या मुलांना त्या पाढ्यांचा काय उपयोग झाला असेल देव जाणे. मोऱ्याच्या मुलांना पाऊणकी रोज लागायची. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. अष्टमी असेल तर आठ पाऊणे सहा, म्हणजे पहाटे सहाला आणि संध्याकाळी सहाला पाणी भरलेलं. एकादशीला सव्वाआठ. पौर्णिमा किंवा अमावास्या असेल तर पंधरा पाऊणे सव्वाअकरा. थोडं मागेपुढे होतं, पण लाँच गाठायची की उद्यावर टाकायचं हे ठरवायला एवढा हिशेब पुरतो. तो शाळेनं नव्हे, आजीनं शिकवला, आणि आजीला सहीसुद्धा येत नव्हती.

मोरा म्हणजे उरणचं बंदर. उरण हा आता स्वतंत्र तालुका असला तरी जुन्या दप्तरात तो पनवेलचा महाल होता. १८८३ साली पनवेलबरोबर उरणही ठाणे जिल्ह्यातून कुलाबा जिल्ह्यात आलं. त्या कुलाब्याचं १९८१च्या पहिल्या तारखेला रायगड झालं. पण कागदावर जिल्हा कुठलाही असो, आमचं तोंड मुंबईकडे. धक्क्यावर पश्चिमेला बघत उभं राहिलं की उजव्या हाताला घारापुरीचा डोंगर, त्याच्या पुढे बुचर बेट (सरकारी नाव जवाहर द्वीप, ते फक्त पाट्यांवर) आणि पलीकडे मुंबईचा किनारा. रात्री मुंबई झगमगायची आणि घारापुरी मिट्ट काळोखात. मुंबईपासून इतक्या जवळच्या त्या बेटावर समुद्राखालून वीज पोहोचायला २०१८ साल उजाडावं लागलं.

मोऱ्याहून भाऊच्या धक्क्याला लाँचनं तासाभराच्या आत जाता येतं. हा भाऊ म्हणजे लक्ष्मण हरिश्चंद्र अजिंक्य. एकोणिसाव्या शतकात त्यांनी धक्का बांधला आणि त्यांचं नाव त्याला चिकटलं ते कायमचं. त्याच शतकात उरणला मोहाच्या दारूच्या भट्ट्या होत्या, मिठागरं होती, आणि मुंबईला दोन्ही गोष्टी हव्या होत्या. मीठ आमच्या काळापर्यंत टिकलं. उन्हाळ्यात मिठागरांवर पांढरे ढीग उभे राहायचे आणि तिथून घरी आलेल्या माणसांच्या पायांना भेगा पडलेल्या असायच्या.

लाँचचं वर्णन करायला बसलो तर पानं भरतील. पहिल्या लाँचला कोळणींच्या पाट्या, दुधाच्या किटल्या, भाजीचे भारे आणि गिरण्यांत, गोद्यांत, कचेऱ्यांत कामाला जाणारी माणसं. कॉलेजला जाणारी दोन-चार पोरं इस्त्रीचे कपडे सांभाळत टपावर उभी, कारण खाली मासळीचं पाणी वाहत असे. वर तांडेल सुकाणूवर. त्याच्या हाताशी घंटीची दोरी. टोल्यांच्या इशाऱ्यावर खाली इंजिनवाला वेग कमी-जास्त करायचा. इंजिनवाल्याला समुद्र दिसत नसे, फक्त घंटी ऐकू येई. लहानपणी मला तांडेलापेक्षा या माणसाचं जास्त कौतुक वाटायचं. मोरा जवळ आलं की एक खलाशी नाळेवर बांबू घेऊन उभा राहायचा आणि पाणी बघायचा. बांबू बाहेर आला की त्याच्या टोकाला किती गाळ लागलाय ते सगळी लाँच बघायची. खलाशाच्या कपाळाला आठ्या पडल्या तर समजायचं, आता बसा.

कारण मोऱ्याचं खरं दुखणं गाळ. आणि त्यात पाऊणकीचा एक क्रूर विनोद आहे. उधाणाच्या तिथींना, म्हणजे पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास, भरती बाराच्या आगेमागे येते. तर ओहोटी पहाटे आणि संध्याकाळी साडेपाच-सहाच्या सुमाराला. ही ओहोटीही साधी नव्हे, पाणी सगळ्यात लांब जाणारी. म्हणजे कामावर जायच्या आणि परतायच्या नेमक्या वेळेला बंदरात चिखल. भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या आसपास, पाणी फार हटत नाही आणि ओहोटीही दुपारी येते, जेव्हा कुणाला घाई नसते. चंद्राला चाकरमान्यांचं काय पडलंय! संध्याकाळी लाँच धक्क्यापासून दूर रुतून बसायची. दिवे दिसतायत, धक्क्यावर घ्यायला आलेली माणसं ओळखू येतायत, आणि आम्ही पाणी चढायची वाट बघत तिथेच. "पानी नाय अजून," एवढंच खलाशी सांगायचा. पत्त्यांचे डाव पडायचे, कुणाच्या डब्यातला उरलेला घास फिरायचा. काही धीट माणसं विजार वर खोचून, चपला हातात घेऊन गाळात उतरायची. त्यांच्या बायका दुसऱ्या दिवशी विहिरीवर काय बोलायच्या ते इथे लिहिण्यासारखं नाही.

वर्तमानपत्रही लाँचनंच यायचं. त्यामुळे देशात काय घडलं हे आम्हाला तिथीनुसार कळे.

इंग्रजांच्या बालपणीच्या समुद्रकाठच्या आठवणी मी पुढे मुंबईला नोकरीत असताना वाचल्या. वाळूतली गाढवावरची रपेट, बाहुल्यांचा खेळ, आइस्क्रीम, आणि समुद्रात घुसलेला लांबलचक धक्का. त्यांचा समुद्र सुट्टीचा होता. आमचा कामाचा, सुट्टी लागली की आम्ही समुद्राकडे पाठ फिरवून मुंबईला पळायचो, राणीच्या बागेत. पण त्यातल्या एका गावाशी माझं जमलं. लंडनच्या खाली थेम्सच्या मुखाशी साउथएंड म्हणून गाव आहे. लंडनची कष्टकरी माणसं बोटीनं तिथे हवा खायला यायची. अडचण अशी की ओहोटीला किनारा मैलभर चिखल होतो आणि बोट लागत नाही. हे वाचताना मी पुस्तक बाजूला ठेवून मोठ्यानं हसलो होतो. त्यांनी काय केलं? १८३० साली लाकडी धक्का बांधला, तोही पाण्यापर्यंत पोहोचेना म्हणून वाढवत नेला, १८८९ साली लोखंडाचा केला आणि त्यावरून विजेची छोटी आगगाडी सोडली. आज तो दोन किलोमीटरहून अधिक लांब आहे. समुद्र आपल्याकडे येत नाही ना, मग आपण जाऊ.

घरातल्या म्हाताऱ्यांकडे काळ मोजायची दोन मापं होती: गोदीच्या स्फोटाआधी आणि 'रामदास'आधी. १४ एप्रिल १९४४ला व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकीन जहाज उडालं. तो आवाज बंदराच्या या काठाला बसलेल्या प्रत्येकानं ऐकला होता. आणि १७ जुलै १९४७, गटारी अमावास्या. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली रामदास बोट काशाच्या खडकाजवळ उलटली. सहाशेहून अधिक माणसं गेली. ती बोट मोऱ्याची नव्हती, पण पाणी तेच. आषाढात लाँच हेलकावे खायला लागली की पोरांची बडबड बंद व्हायची आणि कुणीतरी म्हातारी हटकून रामदासचं नाव काढायची. तिला दटावूनही उपयोग नसे.

मग जमिनीच्या बाजूनं एकेक गोष्ट यायला लागली. १९७४ साली बॉम्बे हायचं तेल सापडलं आणि काही वर्षांत समुद्राखालच्या नळांतून तेल-वायू उरणला येऊ लागला. ओएनजीसीच्या प्रकल्पाची ज्योत रात्रभर पेटलेली. लहान मुलं अंगणात स्वतःच्या सावल्यांशी खेळायची, अमावास्येलासुद्धा. १९८२ला वायूवरचं वीजकेंद्र आलं. नवी मुंबईसाठी सिडकोनं पनवेल-उरणच्या गावांची जमीन घ्यायला सुरुवात केली होतीच. १६ आणि १७ जानेवारी १९८४ला, दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली रस्त्यावर उतरलेल्या शेतकऱ्यांवर गोळीबार झाला. पाच जण हुतात्मा झाले. प्रकल्पग्रस्तांना साडेबारा टक्के विकसित जमीन मिळाली ती या लढ्याच्या जोरावर. नुसती मागून मिळाली असती असं मला वाटत नाही.

२६ मे १९८९ला न्हावा-शेवा बंदर सुरू झालं. शेवा कोळीवाडा त्याआधीच उठवला गेला होता. त्या लोकांना उरणजवळ हनुमान कोळीवाड्यात वसवलं, आणि तिथल्या घरांना वाळवी लागली. पाण्यावर जगणाऱ्या माणसांना कोरड्या जमिनीवर नेलं आणि ती जमीनच त्यांची घरं खायला लागली. लग्नकार्याला त्या गावात गेलो की चौकटी हातानं दाबून बघायची मला सवय लागली होती. कित्येक ठिकाणी बोट आत जायचं.

या सगळ्यात मोऱ्याला कुणी हात लावला नाही, आणि तेच त्याला नडलं. जगातली मोठमोठी जहाजं शेजारी लागायला लागली. त्यांच्यासाठी खोल वाट खणली गेली. मोऱ्याच्या वाटेला मात्र गाळच. मालाची वाहतूक कंटेनरच्या ट्रेलरवर गेली आणि उरण-पनवेल रस्त्यावरून जाणं हा जिवाशी खेळ झाला. नोकऱ्या वाशी-बेलापूरकडे सरकल्या, गिरण्या बंद पडल्या, मग सकाळच्या लाँचला चढायला माणूस कुठून येणार?

१२ जानेवारी २०२४ला एकाच दिवशी दोन गोष्टी झाल्या. शिवडी ते न्हावा-शेवा हा २१.८ किलोमीटरचा अटल सेतू खुला झाला आणि उरणपर्यंत लोकल आली. माझा भाचा त्याच आठवड्यात गाडीतून पुलावरून फिरवून आणायला आला. वीस मिनिटांत पार. पूल देखणा आहे, खोटं कशाला बोलू. पण त्यावर दुचाकीला बंदी, रिक्षाला बंदी, आणि मोटारीला टोल असा की एका बाजूच्या पैशांत माणूस लाँचनं जाऊन येईल. लोकलनं जायचं तर बेलापूरला नाहीतर नेरूळला उतरून गाडी बदला, खाडी ओलांडा आणि मुंबईला मागच्या दारानं शिरा. समोर दिसणाऱ्या गावाला एवढा वळसा! मासळीची पाटी घेऊन भाऊच्या धक्क्यावरच ज्यांना जायचंय त्यांना अजून लाँचशिवाय सोय नाही.

म्हणून लाँच चालू आहे. पावसाळ्यात तिकीट वाढतं, तीन नंबरचा बावटा लागला की फेऱ्या बंद होतात, आणि उधाणाच्या ओहोटीला सूचना लागते की अमुक ते अमुक वेळेत बोट नाही. ती वाचून मुलं मोबाइलवर भरतीचं कोष्टक काढतात. बंदरातला गाळ काढायचं काम निघतं, पैसे खर्च होतात, एक पावसाळा गेला की गाळ परत हजर. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला २०२०पासून मोटारी घेऊन जाणारी रो-रो धावते; मोऱ्यालाही ती येणार म्हणून जेटीचं काम सुरू झालं आणि रेंगाळत राहिलं. माझं म्हणणं साउथएंडवाल्यांसारखं आहे: गाळ उपसत बसण्यापेक्षा धक्का पाण्यापर्यंत न्या. पण यावर मोऱ्याच्या कट्ट्यावर दोन तट आहेत. कोळीवाड्यातल्या लोकांना भीती की धक्का लांबवला तर होड्या लावायची जागा जाईल आणि डोलीच्या जाळ्यांना प्रवाह मिळणार नाही. शेव्याचं काय झालं ते त्यांनी पाहिलेलं आहे, त्यामुळे माझ्या साउथएंडचं कौतुक तिथे कुणी ऐकून घेत नाही.