जनावरांच्या दवाखान्याचे दप्तर संगणकावर घेताना



उसाचे बिल हप्त्याहप्त्याने येते, पण दुधाचा पगार दर दहा दिवसांनी घरात येतो. किराणा, शाळेची फी, औषधपाणी हे सारे त्या दहा दिवसांच्या पगारावर चालते, हे आपणांस नव्याने सांगण्याची गरज नाही. म्हणूनच गोठ्यातली एक गाय आजारी पडली किंवा वेळेवर गाभण राहिली नाही, तर त्याचा चटका थेट चुलीपर्यंत पोचतो.

जनावरांच्या सेवेसाठी काही कारखान्यांनी पशुवैद्यकीय केंद्रे चालविली आहेत, तर अनेक ठिकाणी दूध संस्था व दूध संघ हे काम करतात. अशा दवाखान्यांतील वह्या-रजिस्टरे बाजूला ठेवून सारे दप्तर संगणकावर घ्यावे, असा विचार आता जागोजाग सुरू आहे. विचार चांगलाच आहे. पण सॉफ्टवेअर विकणारे येतात, पडद्यावर रंगीत तक्ते दाखवितात, पाहणारे माना डोलावतात आणि ठराव मंजूर होतो. पुढे वर्षभराने संगणकावर धूळ आणि टेबलावर पुन्हा तीच वही, असे व्हायला वेळ लागत नाही. पैसा सभासदांचा असल्याने घ्यायचे ते पारखून कसे घ्यावे, हे सभासदांनीच समजून घेतलेले बरे.

वहीचे अडते कुठे?

दवाखान्याची वही तारखेप्रमाणे लिहिलेली असते. “अमुक तारीख, पाटील, गाय, ताप, इंजेक्शन दिले.” आता गावात पाटील पंचवीस आणि त्यातल्या एकाच्याच गोठ्यात गाई चार. सहा महिन्यांनी तीच गाय पुन्हा आजारी पडली, तर मागे काय झाले होते, कोणते औषध लागू पडले, हे शोधायला डॉक्टरांनी किती पाने उलटायची? शेवटी मालकालाच विचारतात, आणि मालक म्हणतो, “काहीतरी पिवळं इंजेक्शन दिलं होतं बघा.”

याचे नुकसान पैशात मोजता येते. गाय साधारण २१ दिवसांनी माजावर येते. रेतन करून ती ठरली की उलटली, याकडे लक्ष राहिले नाही आणि एक माज हुकला, तर २१ दिवस वाया गेले. भाकड गाईचा रोजचा खर्च उदाहरणादाखल १५० रुपये धरला, तर एका माजाला ३,१५० रुपये. असे तीन माज हुकले तर ६३ दिवस आणि ९,४५० रुपये, शिवाय पुढचे वेत लांबले ते वेगळेच. हे पैसे कोणी चोरून नेत नाही, त्यामुळे गेलेले कळतही नाहीत. वेळेवरच्या एका आठवणीने यातले बरेच वाचू शकतात. संगणक घ्यायचा तो या आठवणीसाठी.

बिल्ल्याचा नंबर हीच किल्ली

कारखान्यात आपला ऊस नावावर चालत नाही, सभासद क्रमांकावर आणि प्लॉटच्या नोंदीवर चालतो. तसेच जनावराचे आहे. जनावराच्या कानातील पिवळ्या बिल्ल्यावर १२ अंकी क्रमांक असतो. तो त्या जनावराचा एकट्याचा, दुसऱ्या कोणाचा नाही. केंद्र सरकारच्या ‘भारत पशुधन’ प्रणालीत याच क्रमांकावर लसीकरण, रेतन आणि मालकी यांच्या नोंदी होतात. बिल्ल्याशिवाय जनावरांची खरेदी-विक्री करता येणार नाही व सरकारी दवाखान्यातील सेवाही मिळणार नाही, असा नियम महाराष्ट्र शासनाने १ जून २०२४ पासून लागू केला.

म्हणून सॉफ्टवेअर पाहताना पहिला प्रश्न हाच विचारावा : यात जनावराचे खाते बिल्ल्याच्या नंबरावर उघडते का? नंबर टाकला, की त्या गाईची वेते, रेतने, आजार, औषधे आणि लसी एका पानावर दिसल्या पाहिजेत. गाय विकली तर नवा मालक लावता आला पाहिजे, पण गाईचा इतिहास पुसला जाता कामा नये. बिल्ला तुटून नवा बसविला, तर जुना नंबर नव्याला जोडता आला पाहिजे. मालकाच्या नावाखाली नुसतेच “गाय १, गाय २” लिहिणारी प्रणाली म्हणजे जुनी वहीच, फक्त विजेवर चालणारी.

एक गोष्ट ध्यानात ठेवावी. आपण कोणतेही सॉफ्टवेअर घेतले, तरी सरकारी प्रणालीवरची नोंद टळत नाही. “आमचं घेतलं की ते करायला नको,” असे कोणी सांगितले तर त्यावर विश्वास ठेवू नये.

शहरातला दवाखाना आणि आपला दवाखाना

बाजारात मिळणारी बरीचशी तयार सॉफ्टवेअरे शहरातल्या कुत्र्या-मांजरांच्या दवाखान्यांसाठी बनविलेली असतात. तिथे मालक वेळ ठरवून येतो, जनावर टेबलावर ठेवतात, बिल तिथल्या तिथे होते. आपल्याकडे उलटे आहे. इथे डॉक्टर गोठ्यावर जातात. पाऊस असतो, हात शेणाने भरलेले असतात, मोबाईलला रेंज नसते आणि वीज गेलेली असते. तेव्हा रेंज नसतानाही मोबाईलमध्ये नोंद घेता येते का आणि दवाखान्यात परतल्यावर ती आपोआप मुख्य खात्यात जाते का, हे पाहणे आवश्यक आहे. शहरात जो चार-सहा रकाने सावकाश भरतो, त्याची गोष्ट निराळी. आपल्या डॉक्टरांना एका गोठ्यावर दोन मिनिटांपेक्षा जास्त वेळ लिहिण्यात घालविणे परवडणार नाही.

दुसरे म्हणजे औषधांची यादी. परदेशी सॉफ्टवेअरात ती तिकडच्या कायद्याप्रमाणे भरलेली असते. आपल्याकडे डायक्लोफिनॅक हे औषध जनावरांसाठी वापरण्यास २००६ पासून मनाई झाली, कारण ते दिलेल्या मेलेल्या जनावराचे मांस खाऊन गिधाडे मरत होती. २०२३ मध्ये किटोप्रोफेन आणि असिक्लोफिनॅक यांवरही जनावरांसाठी बंदी आली. तेव्हा औषधांची यादी आपल्याला बदलता येते का आणि बंद औषध काढून टाकता येते का, हे विचारावे. साठ्याच्या नोंदीत औषधाचा बॅच नंबर आणि मुदत संपण्याची तारीखही असली पाहिजे. मुदत संपत आलेली बाटली आधीच दाखविणारे सॉफ्टवेअर वर्षाकाठी संस्थेचे चार पैसे निश्चित वाचविते.

तिसरे, अधिकार. भारतीय पशुवैद्यक परिषद कायदा १९८४ चा आहे. त्यानुसार उपचार करण्याचा अधिकार नोंदणीकृत पशुवैद्यकाचा आणि किरकोळ सेवा देणाऱ्यांनी त्याच्या देखरेखीखाली काम करायचे असते. म्हणून डॉक्टर, पर्यवेक्षक आणि कारकून यांना प्रत्येकाचा वेगळा प्रवेश-शब्द हवा. कोणती नोंद कोणी, केव्हा केली आणि नंतर कोणी बदलली, हे दिसले पाहिजे. सगळ्यांना मिळून एकच परवलीचा शब्द म्हणजे तिजोरीची किल्ली खुंटीला टांगून ठेवण्यासारखे आहे.

तारखांची आठवण

सॉफ्टवेअरचे खरे काम इथे आहे. रेतनाची एक तारीख भरली, की पुढच्या सगळ्या तारखा त्याने स्वतः काढल्या पाहिजेत. २१ व्या दिवसाच्या सुमारास माजावर लक्ष ठेवा. दोन ते तीन महिन्यांनी गाभण तपासणी करून घ्या. विण्याआधी सुमारे दोन महिने दूध आटवा. गाईचा गाभणकाळ सुमारे २८० दिवसांचा आणि म्हशीचा सुमारे ३१० दिवसांचा. दोघींना एकच हिशेब लावणारे सॉफ्टवेअर आपल्या कामाचे नाही.

लसीचेही तसेच. लाळ-खुरकूताची लस दर सहा महिन्यांनी, तर ब्रुसेल्लाची लस कालवडींना चार ते आठ महिन्यांच्या वयात एकदाच. तो काळ निघून गेला की गेला. २०२२ मध्ये लम्पीने काय हाहाकार केला, ते आपण पाहिले आहे. अशा साथीत कोणत्या वस्तीवरच्या किती जनावरांना लस राहिली आहे, ही यादी मिनिटात निघाली तर डॉक्टर नेमके तिकडे धावू शकतात.

आणखी एक महत्त्वाची बाब म्हणजे दूध बाजूला ठेवण्याची मुदत. दगडी झालेल्या गाईला प्रतिजैविक दिल्यावर काही काळ तिच्या दुधात औषधाचा अंश उतरतो. किती काळ, ते औषधागणिक वेगळे असते. ते दूध डेअरीत घातले तर एका घराच्या चुकीने सगळ्या गावाच्या टाकीचे दूध नासू शकते. दुधातील औषधांच्या अंशाला अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने मर्यादाही घातलेल्या आहेत. म्हणून उपचाराच्या पावतीवरच “अमुक तारखेपर्यंत दूध संस्थेत घालू नये” असे मराठीत ठळक छापून आले पाहिजे.

वारणेचा धडा

सहकारात संगणक काही आजचा नाही. कोल्हापूर जिल्ह्यातील वारणानगर परिसरात १९९८ मध्ये सुमारे सत्तर गावांना संगणकाने जोडण्याचा प्रकल्प हाती घेतला गेला. शेतीची माहिती, बाजारभाव, सरकारी दाखले असे बरेच काही त्यातून मिळेल, अशी कल्पना होती. प्रत्यक्षात शेतकऱ्यांनी त्याचा उपयोग मुख्यतः केला तो आपल्या उसाचे वजन, खत आणि हिशेब पाहण्यासाठी. पुढे संगणकांची देखभाल जड जाऊ लागली. तेव्हा २००७ च्या सुमारास सात गावांत संगणकाऐवजी साध्या मोबाईलच्या संदेशावर तीच माहिती देऊन पाहिली, आणि शेतकऱ्यांचे काम त्यावर भागले.

यातून घ्यायचे ते एवढेच : सोयी किती आहेत याला महत्त्व नाही, रोज लागणारी सोय किती सोपी आहे याला आहे. शंभर बटणांच्या सॉफ्टवेअरपेक्षा “तुमच्या गाईची गाभण तपासणी मंगळवारी” असा मराठी संदेश वेळेवर पाठविणारे सॉफ्टवेअर कधीही सरस.

माहिती कोणाची?

बहुतेक ठिकाणी हा प्रश्न विचारायचा राहून जातो. पाच वर्षे आपण नोंदी भरल्या आणि मग कंपनी बंद पडली किंवा तिने दर दुप्पट केला, तर? आपली सगळी माहिती साध्या तक्त्याच्या स्वरूपात, कोणालाही न विचारता आणि जादा पैसे न देता बाहेर काढून घेता आली पाहिजे. हे करारात लेखी हवे. मराठी मजकूर युनिकोडमध्ये असावा. जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये भरलेली नावे दुसऱ्या संगणकावर नेली की नुसती चिन्हे दिसतात, हा अनुभव अनेक कार्यालयांना आहे.

नोंदींची दुसरी प्रत रोज निघते का, हे विचारून थांबू नये. “ती प्रत लावून आत्ता दाखवा,” असे म्हणावे. शिवाय सभासदाचे नाव, मोबाईल नंबर आणि जनावरांची संख्या ही माहिती खाद्य किंवा औषध कंपन्यांच्या हाती जाणार नाही, हेही लिहून घ्यावे. व्यक्तिगत डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये संमत झालेला आहे.

स्वस्त कोणते, महाग कोणते?

पहिल्या वर्षाच्या किमतीवर जाऊ नये, पाच वर्षांचा हिशेब मांडावा. समजा, एक सॉफ्टवेअर पहिल्या वर्षी २०,००० रुपये आणि पुढे दरसाल १२,००० रुपये. तर पाच वर्षांत झाले ६८,०००. दुसरे सुरुवातीला ४५,००० आणि पुढे दरसाल ३,०००. तर झाले ५७,०००. म्हणजे जे स्वस्त वाटले तेच महाग पडले. यात संदेशांचा खर्च, शिकविण्याचा खर्च, जादा माणसामागे आकार आणि जुन्या वह्या भरून घेण्याची मजुरी, हेही मिळवावे.

सभेत विचारावयाचे प्रश्न

हा विषय सभेपुढे आला, तर सभासदांनी पुढील प्रश्न अवश्य विचारावेत :

१. जनावराचे खाते बिल्ल्याच्या नंबरावर आहे काय?
२. रेंज व वीज नसताना नोंद घेता येते काय?
३. गाय व म्हैस यांच्या तारखा वेगवेगळ्या निघतात काय, आणि संदेश मराठीत जातो काय?
४. दूध बाजूला ठेवण्याची तारीख पावतीवर येते काय?
५. औषधांची यादी आपल्याला बदलता येते काय?
६. सगळी माहिती आपल्याला केव्हाही बाहेर काढता येईल, असे करारात लिहिले आहे काय?
७. पाच वर्षांचा एकूण खर्च किती?
८. आपल्या डॉक्टरांनी आणि कारकुनाने ते स्वतः वापरून पाहिले काय?

शेवटचा प्रश्न सर्वांत मोलाचा. विक्रेत्याच्या नमुन्याच्या गाई कधी आजारी पडत नाहीत. आपल्याच गावातल्या वीस-पंचवीस जनावरांच्या खऱ्या नोंदी घालून महिनाभर ते चालवून पाहावे आणि त्या काळात वही बंद करू नये. महिनाअखेर वही आणि संगणक ताडून पाहावेत. जुळले तर घ्यावे, नाही जुळले तर विक्रेत्याला नमस्कार करावा.

आणि एक काम आपल्याकडेही आहे. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार? माज केव्हा आला, गाय केव्हा उलटली, हे आपणच वेळेवर कळविले नाही, तर लाखाचे सॉफ्टवेअरही मुकेच राहील. तेव्हा आपल्या प्रत्येक जनावराला बिल्ला आहे ना, तो नंबर घरात कुठेतरी लिहून ठेवलेला आहे ना आणि दवाखान्यात आपला चालू मोबाईल नंबर दिलेला आहे ना, एवढे या आठवड्यात पाहून घ्यावे, ही विनंती.