एका वेळी एकच काडतूस

ग्वाल्हेर-चंबळच्या पट्ट्यात बंदूक चारचौघांत खांद्यावर दिसावी लागते. वरातीत, जमिनीच्या वादात ती मालकाचा वट सांगते. शेजारच्या शिवपुरीत २००८ मध्ये प्रशासनाने नसबंदी करून घेणाऱ्या पुरुषांना बंदुकीच्या परवान्यात प्राधान्य देऊ केले होते. यावरून त्या कागदाची किंमत कळावी. मान अर्थातच बारा बोअरच्या दुनळीला.

पण याच ग्वाल्हेरात एनसीसीच्या महिला अधिकाऱ्यांना घडवणारी संस्था १९६४ मध्ये उभी राहिली. एनसीसीतल्या कित्येक मुलामुलींनी आयुष्यातली पहिली गोळी झाडली ती .२२ रायफलीने. सगळे तिला ‘टू-टू’ म्हणतात. त्यांतल्या काही जुन्या रायफली म्हणजे ली-एनफिल्ड या लष्करी रायफलीच्या सांगाड्यात बारीक नळी. वजन आणि बाज सैनिकी, पण काडतूस हाताने एकेक भरायचे.

अशा एकेका काडतुसाच्या .२२ रायफलींचा सुवर्णकाळ दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धाच्या धक्क्याने आला. दूरवर अचूक नेम धरणाऱ्या बोअर शेतकऱ्यांनी ब्रिटिश फौजेला हैराण केले होते. सामान्य माणसाला स्वस्तात नेमबाजी शिकवावी म्हणून १९०१ मध्ये इंग्लंडात छोट्या रायफलींच्या क्लबांची संघटना निघाली आणि बर्मिंगहॅमच्या बीएसए कंपनीने त्यांच्यासाठी मार्टिनी पद्धतीच्या .२२ रायफली बनवल्या.

मार्टिनीची रचना पाहण्यासारखी आहे. चापामागची तरफ खाली ओढली की आतला पोलादी ठोकळा पुढच्या टोकाशी झुकतो आणि नळीचे तोंड उघडे पडते. काडतूस सरकवायचे, तरफ वर घ्यायची. तेवढ्यात नळी बंद होते आणि रायफल झाडायला सज्जही. दुसरी गोळी हवी तर सगळे पुन्हा. या सक्तीच्या उसंतीतच तिची मोहिनी आहे. हाताशी दुसरी गोळी नसली की माणूस श्वास आवरतो, माशी नीट जुळवतो, चाप हलकेच दाबतो. १८८७ मध्ये अमेरिकेत आलेले .२२ लाँग रायफल काडतूस त्याला साथ देते: शिसाची गोळी जेमतेम अडीच ग्रॅमची, धक्का नाममात्र, दाबही कमी. त्यामुळे जपलेली नळी पिढ्यान्‌पिढ्या नेम राखते.

हा शौक जुनाट मुळीच नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक जिंकले ते ५० मीटर रायफलमध्ये. तिथेही हेच .२२ काडतूस, आणि नियमाने एकेक भरायचे. लक्ष्याच्या दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास १०.४ मिलिमीटर.

२०१९ च्या दुरुस्तीनंतर शस्त्र कायद्याने एका परवानाधारकाला साधारणपणे दोनच शस्त्रे ठेवता येतात. वारशाने आलेलीही त्यातच धरली जातात. जुन्या घरात निवड करायची वेळ आली की आजोबांची टू-टू आधी जाण्याची भीती मोठी, कारण तिने वट वाढत नाही. तसे होऊ नये. एखाद्या जाणकाराने रायफल रिकामी करून नळी उजेडाकडे धरावी. जुन्या काडतुसांतले रसायन गंज चढवत असे, म्हणून पहिली तपासणी तिथेच. आटे स्वच्छ, धारदार दिसले तर ती रायफल परवाना असलेल्या नेमबाजाला रीतसर देता येते. मोडीत काढण्याआधी जवळच्या रायफल क्लबात तेवढी चौकशी जरूर करावी.