ट्रॅक्टर : चालविणे आणि जपणे

एक एकर जमीन नांगरण्यासाठी शेतकऱ्याला किती चालावे लागते, हा गणिताच्या तासाला शोभणारा प्रश्न आहे. एक एकर म्हणजे सुमारे ४०४७ चौरस मीटर. देशी नांगराचे तास १५ सेंटीमीटर रुंद धरले, तर बैलांमागे जवळजवळ २७ किलोमीटर पायपीट होते. ग्वाल्हेरहून मुरैन्याला जाण्याच्या निम्म्याहून बरेच अधिक अंतर! तेच काम एक मीटर रुंदीचे अवजार जोडलेला ट्रॅक्टर चार किलोमीटरांत उरकतो. ताशी चार किलोमीटर वेग आणि बांधाशी वळण्यात जाणारा वेळ जमेस धरला, तरी सव्वा तासात एकर पुरा होतो. ट्रॅक्टरची मोहिनी शेतकऱ्यावर का पडली, याचे उत्तर या आकड्यांतच आहे.

आपल्या मुलखाशी या यंत्राचा संबंध जुना आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर देशात अन्नधान्याची टंचाई होती आणि मध्य भारत, भोपाळ व त्या वेळचा मध्य प्रदेश या भागांतील विस्तीर्ण जमीन कांस नावाच्या चिवट गवताने व्यापली होती. या गवताची मुळे इतकी खोल जातात, की बैलांचा नांगर तेथवर पोहोचतच नाही. १९४७ साली केंद्र सरकारने सेंट्रल ट्रॅक्टर ऑर्गनायझेशन स्थापन केली. अमेरिकन लष्कराने मागे ठेवलेल्या ट्रॅक्टरांवर तिचे काम सुरू झाले. पुढे १९४९ साली नव्या यंत्रांसाठी जागतिक बँकेने एक कोटी डॉलरचे कर्ज दिले. उन्हाळ्यात जमीन खोल नांगरून मुळे वर काढावयाची आणि उन्हात वाळू द्यावयाची, अशी ती पद्धत होती.

यंत्रे आली, पण ती चालविणार कोण? या गरजेतून १९५५ साली नर्मदाकाठी, सीहोर जिल्ह्यातील बुदनी येथे ट्रॅक्टर प्रशिक्षण केंद्र निघाले. पुढे तेथे यंत्रांची परीक्षाही होऊ लागली. शेतीयंत्रे चालविण्याचे आणि दुरुस्त करण्याचे शिक्षण देणारी ही केंद्र सरकारची संस्था आजही आपल्याच राज्यात आहे, हे ग्वाल्हेरच्या विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावे.

आता यंत्राकडे वळू. ट्रॅक्टरचे इंजिन डिझेलवर चालते. पेट्रोलच्या इंजिनात ठिणगी पाडण्यासाठी प्लग असतो. डिझेल इंजिनात तो नसतो. मग तेल पेटते कसे? सायकलला हवा भरताना पंपाचे टोक गरम झालेले तुम्ही अनुभवले असेल. हवा दाबली की तापते, हाच तो नियम. सिलिंडरमध्ये दट्ट्या खाली येताना हवा आत ओढली जाते. तो वर जाताना ती हवा दाबून मूळ आकारमानाच्या सुमारे सोळाव्या-सतराव्या हिश्शावर आणली जाते आणि कित्येक शतांश तापते. त्या क्षणी डिझेलचा बारीक फवारा आत येतो आणि आपोआप पेट घेतो. स्फोटाच्या जोराने दट्ट्या खाली ढकलला जातो, आणि पुन्हा वर येताना धूर बाहेर टाकतो. शोषण, दाब, शक्ती आणि उत्सर्ग या चार खेपांचे चक्र मिनिटाला शेकडो वेळा फिरते.

हे तत्त्व समजले, की निगेचे सर्व नियम पाठ न करताही उमजतात. इंजिन हवेवर जगते. म्हणून हवा स्वच्छ हवी. वैशाख-ज्येष्ठात आपल्याकडे लू वाहू लागली आणि शेतात धूळ उडाली, म्हणजे ट्रॅक्टर त्या धुळीतच श्वास घेतो. तिचे कण सिलिंडरमध्ये शिरले, तर ते पॉलिश कागदासारखे आतील पोलाद घासून टाकतात. म्हणून हवेच्या वाटेवर गाळणी बसविलेली असते. काही ट्रॅक्टरांत तिच्या तळाशी तेलाची वाटी असते. हवा तेलावरून वळताना धूळ तेलात अडकते. धुळीच्या दिवसांत ही वाटी रोज पाहावी आणि तळाशी गाळ साचला असल्यास धुऊन नवे तेल भरावे. कोरड्या कागदी गाळणीची रीत निराळी. ती यंत्राबरोबर मिळणाऱ्या पुस्तिकेप्रमाणे झटकून साफ करावी, तेलाने भिजवू नये. चार पैशांचे तेल वाचविण्यासाठी पुढे संपूर्ण इंजिन उघडण्याची पाळी येणे, हा शहाणपणाचा व्यवहार नव्हे.

डिझेलही तसेच निर्मळ हवे. संध्याकाळी काम संपताच टाकी भरून ठेवावी. रिकाम्या टाकीतील हवेतली वाफ रात्रीच्या गारव्याने पाणी होऊन तळाशी बसते. टाकी पार कोरडी होईपर्यंत ट्रॅक्टर चालवू नये. नळीत हवा शिरली, की पुन्हा तेल भरले तरी इंजिन चालू होत नाही. अशा वेळी गाळणीवरील स्क्रू सैल करून हातपंप दाबावा. बुडबुडे थांबून अखंड डिझेल येऊ लागले, की स्क्रू आवळावा.

रोज सकाळी इंजिन सुरू करण्यापूर्वी पाच गोष्टी पाहाव्यात : सपाट जागेवर यंत्र उभे करून कांडीवर वंगणाची पातळी, रेडिएटरमधील पाणी, पंख्याच्या पट्ट्याचा ताण, टायरमधील हवा, आणि खाली जमिनीवर तेलाचा डाग. तापलेल्या रेडिएटरचे झाकण कदापि उघडू नये. आतील उकळते पाणी तोंडावर उसळते. धुराचा रंगही बोलका असतो. काळा धूर म्हणजे हवा कमी पडते किंवा भार अधिक झाला. निळा धूर म्हणजे वंगण जळू लागले. इंजिन तापल्यावरही पांढरा धूर येत राहिला, तर डिझेल नीट जळत नाही किंवा पाणी शिरले आहे. वैद्य नाडी पाहतो, तसे चालकाने धुराकडे पाहावे.

चालविणे शिकताना क्लचवर पाय विसावण्याची सवय पहिल्या दिवसापासून टाळावी. तिने क्लचची तबकडी झिजते. ट्रॅक्टरला उजव्या व डाव्या चाकांचे ब्रेक वेगळे असतात. शेतात वळताना ते उपयोगी पडतात. पण रस्त्यावर येताच दोन्ही पायखिळी कडीने जोडल्याच पाहिजेत. वेगात एकच चाक अडले, तर यंत्र कोलमडते. उतारावर गिअर सोडून यंत्र मोकळे धावू देऊ नये. ओझे नेहमी खालच्या खुंटीला जोडावे. साखळी आसाच्या वर बांधून जोर लावला, तर पुढची चाके उचलली जातात आणि ट्रॅक्टर निमिषार्धात चालकाच्या अंगावर उलटतो. फिरत्या दांड्याजवळ धोतराचा सोगा, ओढणी वा साडीचा पदर जाऊ देऊ नये. त्यावरील आच्छादन काढून टाकू नये.

आणि आता तुमच्याविषयी. लगीनसराईत किंवा जत्रेला जाताना मडगार्डवर मुले बसलेली आपण पाहतो. ती बसण्याची जागा नव्हे. एका खड्ड्याचा हिसका पुरतो, आणि खाली मागचे अवजड चाक असते. अठरा वर्षे पुरी झाल्यावाचून रस्त्यावर ट्रॅक्टर चालविण्यास कायद्याने मनाई आहे. पालकांनीही मुलाच्या धीटपणाचे कौतुक करताना हे विसरू नये.

राहिला प्रश्न हिशेबाचा. २०१५-१६ च्या कृषिगणनेप्रमाणे भारतातील सरासरी शेत १.०८ हेक्टर, म्हणजे पावणेतीन एकरांच्या आसपास आहे. तीन एकरांचे शेत, वर्षात दोन पिके, प्रत्येक पिकाला चार वेळा मशागत आणि एकरी सव्वा तास धरला, तर वर्षाकाठी ट्रॅक्टरला काम मिळते अवघे ३० तास! उरलेले दिवस तो अंगणात उभा. कर्जाचे व्याज मात्र उभे राहत नाही. तेव्हा शेजाऱ्यांची कामे घेणे, चार घरांनी मिळून यंत्र घेणे किंवा भाड्याने आणणे, हे मार्ग लहान शेतकऱ्याने आधी तोलून पाहावेत. माझे बालपण कोकणात गेले. तेथील पायऱ्यापायऱ्यांच्या भातखाचरांत मोठा ट्रॅक्टर वळतच नाही. म्हणून हातांनी धरून चालविण्याचा पॉवर टिलर तेथे उपयोगी पडतो. जशी जमीन तसे यंत्र, हे सूत्र चंबळच्या सपाटीवरही खरे आहे. ओल्या रानात जड यंत्र घालून माती दडपली, तर नांगरणीचा लाभ हातचा जातो.

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ च्या सुमारास लोखंडी नांगर केला, तेव्हा लोखंडाने जमीन नासेल अशी भीती शेतकऱ्यांना वाटली होती. आज तशी भीती कोणाला नाही. आजची उणीव निराळी आहे : यंत्र घरोघर आले, पण त्याची ओळख घरोघर झाली नाही. ही उणीव तुम्ही भरून काढू शकाल. ज्यांच्या घरी ट्रॅक्टर आहे, त्यांनी एक वही घालावी. तासमापकावरील आकडा, भरलेले डिझेल, वंगण बदलल्याची तारीख, ग्रीस दिल्याचा दिवस आणि झालेला खर्च, एवढे रोज टिपावे. पुस्तिकेत वंगण बदलण्याचे जे तास सांगितले असतील, ते भरताच वडिलांना आठवण द्यावी. घरात ज्यांना पुस्तिका वाचता येत नाही, त्यांना ती मोठ्याने वाचून दाखवावी. हे काम बाराव्या वर्षीही करता येते, त्याला परवाना लागत नाही. आणि अठराव्या वर्षी जेव्हा चाक हाती येईल, तेव्हा ते यंत्र तुम्हांला परके राहणार नाही.