फिरत्या आरागिरणीचा पाया

कडा (तालुका आष्टी, जिल्हा बीड) व आसपासच्या गावांत बांधावरील बाभूळ आणि कडुनिंब हेच शेतकऱ्याचे घरचे लाकूड होय. वर्षानुवर्षे राखलेल्या झाडाचा ओंडका फिरत्या आरागिरणीवर जागीच कापल्यास वाहतुकीचा खर्च वाचतो. मात्र फळी एका टोकास जाड व दुसऱ्या टोकास पातळ निघाली, तर दोष पात्यास दिला जातो. पुष्कळदा तो गिरणीखालील जमिनीत असतो.

काळी जमीन ओलीने फुगते व वाळली की आकसून भेगाळते. अशा जमिनीवर ठेवलेल्या गिरणीचा एखादा पाय खचतो, रूळ पिळले जातात, पाते ओंडक्यात अडकून तापते व प्रसंगी तुटते. यात लाकूड वाया जातेच, शिवाय कामकऱ्यांच्या जिवासही धोका असतो.

४५ सें.मी. व्यासाचा व ३ मीटर लांबीचा बाभळीचा ओला ओंडका सुमारे ५ क्विंटल भरतो. गिरणीच्या पायाची पट्टी १० सें.मी. लांब-रुंद असल्यास दोन पायांखाली केवळ २०० चौरस सें.मी. जमीन येते. त्याच दोन पायांखाली २० सें.मी. रुंद व दीड मीटर लांब तुळई आडवी घातल्यास ३,००० चौरस सें.मी. जमीन येते, म्हणजे तोच भार पंधरापट जागेवर पसरतो.

पाया पुढीलप्रमाणे घालावा :

(१) जागा उंचवट्याची व शक्यतो मुरमाड निवडावी. चढाच्या बाजूस पाण्यासाठी चर काढावा.

(२) काळी माती असल्यास मुरूम लागेपर्यंत खणावे. मुरूम खोल असल्यास सुमारे ४५ सें.मी. खणून बाहेरचा मुरूम १५ सें.मी.च्या थरांनी भरावा. प्रत्येक थर पाणी शिंपडून धुमसाने ठोकावा.

(३) पायांच्या प्रत्येक जोडीखाली एक याप्रमाणे तुळया मांडून पाणसळीने समपातळीत आणाव्यात व पाय त्यांवर पक्के करावेत. उंची साधण्यास लोखंडी पट्ट्या वापराव्यात. सुटे दगड किंवा सैल पाचरी घालू नयेत.

(४) रुळांच्या चार टोकांवरून सारख्याच उंचीवर दोन दोऱ्या तिरप्या ताणाव्यात. मध्यभागी त्या एकमेकींस जेमतेम टेकल्या तर रूळ पिळलेले नाहीत असे समजावे.

(५) पहिला ओंडका चढविल्यावर पातळी पुन्हा पाहावी. पावसानंतर तर अवश्य पाहावी. तपासणी यंत्र बंद असतानाच करावी. पायांभोवतीचा भुसा रोज काढावा. तो ओल धरतो व खचलेला पाय झाकतो.

आंबा, चिंच, साग इत्यादी झाडे तोडण्यास १९६४ च्या राज्य कायद्यान्वये परवानगी लागते. आरागिरणीसही वन विभागाचा परवाना लागतो. म्हणून तोडीपूर्वीच वन कार्यालयात चौकशी करावी.

ग्रामसेवकांनी दोरीची परीक्षा शेतकऱ्यांसमक्ष करून दाखवावी. पायासाठी अर्धा दिवस अधिक लागला तरी चालेल. एकदा वाकडी कापलेली फळी मात्र पुन्हा जोडता येत नाही.