चित्रण ‘इम्पोर्ट’ होते, म्हणजे नेमके काय होते?

जत्रेतील नाटक असो वा भजनी सप्ताह, त्याचे चित्रीकरण आता बहुधा मोबाइलवर होते आणि संकलन घरच्या संगणकावर. नाटकाचे पुढे आणखी प्रयोग होतील. त्या रात्रीचा प्रयोग मात्र पुन्हा होत नाही. असे चित्रण हातचे जाते, ते पुष्कळदा ‘इम्पोर्ट’ या अगदी पहिल्या पायरीविषयीच्या गैरसमजामुळे.

फाइल इम्पोर्ट केली की ती प्रकल्पात साठवली गेली, असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात प्रीमिअर प्रो, दाविंची रिझॉल्व्ह किंवा केडेनलाइव्ह ही सॉफ्टवेअर एरवी मूळ फाइलची प्रत करीत नाहीत. ती कोठे ठेवली आहे, एवढीच नोंद घेतात. मूळ चित्रण कित्येक जीबींचे असूनही प्रकल्पाची फाइल इतकी लहान असते, ती यामुळेच. पेन ड्राइव्हवरून थेट इम्पोर्ट करून नंतर तो काढून घेतला किंवा फोल्डरचे नाव बदलले, की हा पत्ता चुकतो आणि पडद्यावर ‘मीडिया ऑफलाइन’ अशी अक्षरे झळकतात. मूळ फाइल शाबूत असेल, तर ‘रीलिंक’ करून नवा पत्ता देता येतो. परंतु ‘प्रकल्पात आहेच’ या भरवशावर मोबाइल रिकामा केला असेल, तर त्यावर उपाय नाही. म्हणून आधी सर्व फाइली संगणकावरील एकाच फोल्डरमध्ये उतरवाव्यात, त्यांची एक प्रत अन्यत्र ठेवावी आणि मगच इम्पोर्टकडे वळावे.

दुसरी अडचण अधिक फसवी आहे. प्रारंभी संवाद आणि ओठ जुळतात. शेवटच्या अंकापर्यंत आवाज पुढे निघून गेलेला असतो. दोष ध्वनिमुद्रणाला दिला जातो. वस्तुतः मोबाइल प्रकाशानुसार दर सेकंदाच्या चौकटींची संख्या कमीजास्त करतो, तर संकलनाचे सॉफ्टवेअर ती स्थिर असल्याचे गृहीत धरू शकते. हा फरक क्षुल्लक मानू नये. २९.९७ च्या वेगाऐवजी ३० धरला, तर तासाभरात सुमारे ३.६ सेकंदांची तफावत पडते! ‘मीडियाइन्फो’ या मोफत साधनात चौकटींचा वेग स्थिर आहे की बदलता, हे दिसते. तो बदलता असल्यास ‘हँडब्रेक’मध्ये स्थिर वेगाची प्रत करून तीच इम्पोर्ट करावी.

अ‍ॅनिमेशनमध्ये एकेक चित्र क्रमांकित पीएनजी फाइल म्हणून घेण्याची पद्धत आहे आणि ती शहाणपणाची आहे. चारशेव्या चित्रापाशी वीज गेली, तरी आधीची चित्रे सुरक्षित राहतात. पारदर्शक पार्श्वभूमी हवी असेल, तर जेपीजी चालत नाही. ब्लेंडरमध्ये मूळ वेग सेकंदाला २४ चौकटींचा असतो. २५ च्या हिशेबाने काढलेली चित्रे आणायची असतील, तर तो आधीच बदलावा. ब्लेंडर स्थिरचित्रे आपल्या फाइलच्या पोटात बांधून ठेवू शकतो, चित्रफिती मात्र नाही.

एवढी दक्षता घेऊनही चित्रण व्हॉट्सअ‍ॅपवरून नेहमीच्या रीतीने मागवले, तर ते दाबले जाऊन तपशील गमावूनच हाती येते. पाठवणाऱ्यास ते ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगावे, किंवा सरळ केबल जोडावी.