जुळा दात

बाळाचा पहिला दात दिसला, की घरात केवढा आनंद होतो! पण त्या आनंदाला दृष्ट लागण्यास एखादे वाक्यही पुरते. सिल्वासास आमच्या घरी हळदीकुंकवाला आलेल्या एका वृद्ध बाईंनी आमच्या तीन वर्षांच्या नातवाच्या खालच्या जबड्यातील रुंद, मधोमध खाच असलेला दात पाहिला आणि म्हणाल्या, "हे लक्षण बरं नव्हे हो सूनबाई, मामाला जपायला सांगा." सूनबाईंना एकुलता एक भाऊ. त्या दिवसापासून मुलगा हसला, की त्या त्याच्या तोंडावर हळूच पदर धरू लागल्या.

वरचे दात आधी आले तर मामावर संकट, ही समजूत आपण परमुलखातही सोबत आणली. बाईंनी तीच या दाताला लावली, इतकेच. वस्तुतः गर्भ सहा-सात आठवड्यांचा असतानाच दुधाच्या दातांचे अंकुर धरू लागतात. कधी शेजारचे दोन अंकुर एकजीव होतात, तर कधी एकच अंकुर दुभंगू लागतो आणि अर्ध्यावर थांबतो. बाहेरून दोन्ही दात सारखेच दिसतात. ओळखण्याची युक्ती सोपी आहे. दुधाचे दात २०, प्रत्येक जबड्यात १०. जुळा दात एकच धरून मोजावे. संख्या एकाने कमी भरली, तर बहुधा दोन दात जुळलेले असतात. पुरी भरली, तर बहुधा एकच दात दुभंगलेला असतो. आम्ही नातवाला मांडीवर घेऊन मोजले : वर १०, खाली ९.

दर दोन-तीन हजार जन्मांमागे एखादे बाळ तर दात घेऊनच जन्मते. संत तुलसीदास असेच जन्मले व अशुभ मानून त्यांचा त्याग झाला, अशी आख्यायिका आहे. असे दात बहुधा दुधाचेच, लवकर आलेले असतात. फार हलत असल्यास ते श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो, म्हणून काढावे लागतात. एरवी उपटण्याची घाई न करता डॉक्टरांना दाखवावे.

खरी काळजी करायची ती निराळीच. जुळ्या दाताच्या खाचेत अन्न अडकून तो किडतो. म्हणून तेथे ब्रश नीट फिरवावा, खाच खोल असल्यास दंतवैद्यांकडून बुजवून घ्यावी. शिवाय दोन दात जुळलेले असले, तर पुढे येणाऱ्या कायमच्या दातांपैकी एखादा मुळातच नसण्याचा संभव असतो. आमच्या नातवाच्या क्ष-किरण चित्रात तसेच दिसले. हे आज कळले, म्हणून सातव्या-आठव्या वर्षी त्या जागेचे काय करायचे, याचा विचार वेळेवर करता येईल. अपशकुन मानून दात लपवीत राहिलो असतो, तर ते कळले नसते.

मामा दिवाळीला येऊन गेला, धडधाकट आहे. आणि सूनबाईंचा पदर आता खांद्यावरच असतो.