कुरुंद्याहून किनाऱ्याकडे

नरहर कुरुंदकरांच्या आडनावामुळे ज्याचे नाव साऱ्या महाराष्ट्रातील वाचकांच्या कानावरून गेले आहे ते कुरुंदा, हिंगोली जिल्ह्याच्या वसमत तालुक्यातील गाव, समुद्रापासून इतके दूर आहे की तेथील मुलाची पाण्याची कल्पना पूर्णेच्या पात्रापाशी सुरू होते आणि येलदरी व सिद्धेश्वर या धरणांच्या विस्तारापाशी संपते. या दुराव्याला भूगोलाइतकाच इतिहासही कारण आहे. १९४८ पर्यंत हा मुलूख ज्या निजामी राज्यात होता त्या राज्याला समुद्रकिनाराच नव्हता. १९५६ च्या नोव्हेंबरात मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात सामील झाला तेव्हा कोठे किनाऱ्यावरचे कुलाबा आणि रत्नागिरी हे जिल्हे व तेव्हाचा आपला परभणी जिल्हा एका अमलाखाली आले. त्यामुळे ज्या घरातील आजोबांनी तारुण्यात समुद्र पाहिलाच नाही, त्या घरातील पाच-सहा वर्षांचे नातवंड आज जेव्हा समुद्र दाखवण्याचा हट्ट धरते, तेव्हा त्या हट्टाकडे चैनीची मागणी म्हणून न पाहता मुलाच्या शिक्षणाचा एक आवश्यक भाग म्हणून पाहावे आणि त्याची तजवीज तितक्याच विचारपूर्वक करावी, असे मला वाटते.

वाट मात्र जुनीच आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक दर्यावर्दी वृत्तांतात पैठण आणि तगर, म्हणजे आजचे तेर, या पेठांतून गाड्यांवर लादलेला माल समुद्राकडे जात असल्याची नोंद आहे, आणि कल्याण बंदराचाही उल्लेख आहे. नांदेड, वसमत, परभणी या गावांवरून जाणारा आजचा एकसष्ट क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग अहिल्यानगर ओलांडून माळशेज घाटाने उतरतो तो त्याच कल्याणला, आणि माळशेजच्या शेजारीच तो नाणेघाट आहे, जेथे सातवाहन राणी नागनिकेचा लेख कोरलेला आहे व जेथील दगडी रांजण जकातीचा म्हणून आजही प्रवाशांना दाखवला जातो. मुलांना हे आधी सांगून ठेवले तर लांबच्या रस्त्याला त्यांच्या मनात थोडा अर्थ येतो.

परंतु अर्थ आला म्हणून अंतर घटत नाही. कुरुंद्याहून पुणे सुमारे चारशे किलोमीटर, तेथून ताम्हिणी घाटाने रायगडचा किनारा आणखी दीडशेच्या घरात. म्हणजे चार दिवसांच्या सफरीत जाण्यायेण्याचे दोन दिवस केवळ आसनावर बसून काढावे लागणार, आणि चार वर्षांच्या मुलाची सहनशक्ती पहिल्याच दिवशी पाथरी-माजलगावच्या टापूत संपून गेलेली असणार. म्हणून माझे स्पष्ट मत असे की पठारावरचा प्रवास शक्य तर रेल्वेने करावा आणि मोटारीची हौस किनाऱ्यासाठी राखून ठेवावी. नांदेडहून परभणी, लातूर, पुणे या मार्गाने पनवेलला जाणारी गाडी रात्रभर धावते. मुले झोपेत घाट उतरतात. पनवेलला चालकासह भाड्याची मोटार ठरवली की पुढचे अंतर, मध्ये जेवणाचा विसावा धरूनही, दुपार कलण्याच्या आत पार पडते. रेल्वेच्या आरक्षणाचा बंदोबस्त मात्र दिवाळीच्या सुटीकरता फार आधी करावा लागतो.

स्वतःच्या वाहनानेच जावयाचे असेल तर पहिली मजल पुण्यापर्यंतचीच धरावी आणि ताम्हिणी दुसऱ्या दिवशी सकाळी, उन्हे चढण्यापूर्वी उतरावा. मळमळीचा त्रास दोन वर्षांपासून बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना विशेष होतो. डोळ्यांना मोटारीच्या आतले जग स्थिर दिसत असताना कानातील तोल राखणारे इंद्रिय मात्र हेलकाव्यांची वार्ता देत राहते, आणि या विसंवादातून ओकारी येते. त्यावर घाटापुरता मोबाईल काढून घेणे, मुलाला समोरच्या रस्त्याकडे पाहता येईल असे मागच्या आसनाच्या मध्यभागी पट्टा लावून बसवणे, पोट रिकामे किंवा तुडुंब न ठेवता दशमीचा एखादा तुकडा खाऊ घालणे, आणि औषध द्यायचे तर ते गावातल्या डॉक्टरांना वय व वजन सांगून आधीच लिहून घेणे, इतके उपाय बहुधा पुरतात. मुलाला पुढच्या आसनावर आईच्या मांडीवर बसवण्याची जी सार्वत्रिक वहिवाट आहे ती मात्र मोडलीच पाहिजे. २०१९ च्या मोटार वाहन सुधारणा कायद्याने चौदा वर्षांखालील मुलास पट्टा किंवा बालआसनाविना नेणाऱ्यास एक हजार रुपये दंड ठेवला आहे. पण दंडाची गोष्ट दूरच, अचानक ब्रेक लागला असता आईचे हात मुलाला धरून ठेवू शकत नाहीत.

किनारा कोणता? उत्तर कोकणापासून रेडीपर्यंत सारा पट्टा मुलांना दाखवण्याचा मोह आवरला पाहिजे. रेवसपासून रेडीपर्यंत समुद्राच्या कडेने रस्ता न्यावा ही बॅरिस्टर अंतुल्यांनी पुरस्कारलेली कल्पना भव्य खरी, तथापि तो रस्ता खाड्यांपाशी अनेक ठिकाणी तुटतो, आणि लहान मुलांना घेऊन निघालेल्या कुटुंबाला त्यातील एक लहानसा तुकडाच पुरेसा आहे. दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर हा टापू मला त्या दृष्टीने सर्वांत सोयीचा वाटतो. दिवेआगराहून श्रीवर्धनला आरावीवरून जाणारा रस्ता कोठे टेकडीच्या पायथ्याने, कोठे लाटेचे तुषार काचेवर यावेत इतक्या जवळून जातो. तो सारा तासाभराच्या आतला प्रवास असल्याने मुलांना हवे तेथे थांबण्याची मुभा राहते. दिवेआगर येथे शके ९८२ चा, म्हणजे १०६० सालचा ताम्रपट मिळाला असून मराठीच्या आरंभीच्या लेखांत त्याची गणना होते. श्रीवर्धन हे पेशव्यांच्या भट घराण्याचे गाव. तेथील देशमुखीचे वतन सिद्दीच्या मुलखात सोडून बाळाजी विश्वनाथ घाटावर आले, आणि आपण घाटावरून त्याच गावाकडे निघालो आहोत हे थोरल्या मुलांना सांगण्याजोगे आहे. बागांमधून हिंडताना नव्या लावणीच्या सुपाऱ्या मध्येच ठेंगण्या दिसतात, कारण ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने येथील नारळी-पोफळी आडव्या केल्या, आणि पोफळ फळावर येण्यास वर्षानुवर्षे जावी लागतात. गारपिटीने उभे पीक गेलेले पाहिलेल्या शेतकऱ्याच्या मुलाला हे दुःख समजावून सांगावे लागत नाही.

आता मुख्य मुद्दा. या सफरीचे वेळापत्रक स्थळांच्या यादीवरून आखावयाचे नसून भरती-ओहोटीवरून आखावयाचे असते, आणि त्यासाठी लागणारे साधन कुरुंद्यातील घराघरात भिंतीवर टांगलेले आहे. १९७३ पासून जयंतराव साळगावकरांच्या 'कालनिर्णय'ने घरोघर पोचवलेली तिथी हे समुद्राचे घड्याळ आहे. कोकणातील जुनी माणसे तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात: अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणून भरती सहाच्या सुमारास, चतुर्थीला तीनच्या, अमावास्या-पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणून दुपारी आणि रात्री बाराच्या आधीमागे. दोन भरत्यांत साडेबारा तासांहून किंचित कमी अंतर असते, भरतीनंतर सुमारे सहा तासांनी ओहोटी पुरी होते, आणि दररोज ही वेळ पाऊण-एक तास पुढे सरकते. हा आडाखा आहे; त्यावर विसंबून न राहता मुक्कामाच्या घरी नक्की वेळ विचारून घ्यावीच. तरीही महिनाभर आधी तारखा निवडण्यासाठी तो उत्तम उपयोगी पडतो.

माझी निवड प्रतिपदेपासून तृतीयेपर्यंतच्या दिवसांची असते. या दिवसांत पाणी सकाळी सात-साडेआठच्या सुमारास पुरते मागे सरलेले असते, ऊन कोवळे असते, रात्रीची झोप झाल्याने मुले प्रसन्न असतात, आणि दिवेआगरचा सपाट किनारा लांबवर ओला व घट्ट होऊन पडलेला असतो. त्या वाळूवर मुलांना उभे न करता उकिडवे बसवावे. मग दिसू लागते की जी नक्षी वाऱ्याने झाली असे वाटत होते ती वस्तुतः मोहरीएवढ्या वाळूच्या गोळ्यांची आहे, त्या गोळ्या एका बारीक बिळाभोवती किरणांसारख्या मांडलेल्या आहेत, आणि स्तब्ध राहिले तर त्या बिळातून नखाएवढा खेकडा बाहेर येऊन, वाळू तोंडाशी नेऊन, तिच्यातले अन्न चाळून घेऊन, उरलेल्या वाळूची नवी गोळी मागे टाकतो. भरती येते, सारी नक्षी पुसते, आणि पुढच्या ओहोटीला ती पुन्हा मांडली जाते. एवढ्या एका दर्शनात मूल तासभर रमते. त्याला तेथून उठवून 'पुढचे ठिकाण' दाखवायला नेण्यासारखा दुसरा अपव्यय नाही.

अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असल्याने पाणी जितके दूर जाते तितक्याच वेगाने परतते, हे या निवडीचे दुसरे अंग आहे आणि ते क्षणभरही विसरता कामा नये. पाणी ओसरत असताना ते पायाखालची वाळू आणि पाय दोन्ही आत ओढते. अशा वेळी मुलाला घोट्याच्या वर पाणी लागू देऊ नये, आणि एका मुलामागे एक जाणता माणूस, हात पोचेल इतक्या अंतरावर, हा शिरस्ता ठेवावा. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला आलेले चौदा महाविद्यालयीन विद्यार्थी बुडून मरण पावले. ती तरुण मुले होती, आणि दिवस वादळाचा नव्हता. विहिरीत आणि कालव्यात पोहणारे आपले पुरुष समुद्रातही तसेच बेधडक शिरतात, आणि मुले त्यांच्या मागोमाग जातात. पोहण्याचा तो सराव खेचणाऱ्या पाण्यात उपयोगी पडत नाही. हरिहरेश्वराची प्रदक्षिणाही याच कारणास्तव ओहोटीच्या वेळीच घालावी. पायऱ्या उतरून खालच्या खडकांवर आले की लाटांनी पोखरलेला कडा अतिशय विलोभनीय दिसतो, पण भरतीला तीच वाट पाण्याखाली जाते. कडेवरचे मूल घेऊन तर ती टाळावीच, आणि काळभैरवाचे दर्शन घेऊन परतावे.

मुलांच्या आनंदासाठी एक खाडी मात्र अवश्य ओलांडावी. दिघीहून आगरदांड्याला किंवा बागमांडल्याहून वेश्वीला फेरीबोट जाते. तिचा लोखंडी पडदा धक्क्याच्या उतारावर खडखडत टेकतो, खलाशी हातवारे करून एकेक वाहन आत घेतो, आणि आपली मोटार आपल्यासह पाण्यावरून चालली आहे हे पाहून मुलांचे चेहरे असे फुलतात की पाव तासाच्या त्या प्रवासापुढे मोठमोठे किल्ले फिके पडावेत. जंजिरा पाच वर्षांखालील मुलांसाठी पुढच्या खेपेला ठेवावा, असे मी सुचवीन. राजपुरीहून शिडाच्या होडीने जाणे रम्य असले तरी हलत्या होडीतून किल्ल्याच्या पायरीवर पाऊल टाकणे मोठ्यांनाही अवघड जाते. मुरूड-राजपुरी रस्त्याच्या चढावरून तो अजिंक्य जलदुर्ग समग्र दिसतो आणि तेवढे दर्शन लहानग्यांना पुरते.

राहण्यासाठी दिवेआगरात घरगुती सोयी पुष्कळ आहेत. ज्वारीच्या भाकरीवर वाढलेल्या मुलाला नारळाचे वाटण आणि मासे पहिल्या दिवशी रुचत नाहीत. मऊ भात आणि साधे वरण आगाऊ सांगून ठेवावे, जवळ दोन दिवस टिकणारे धपाटे असावेत, उकडीचा मोदक मात्र मुलांना बहुधा लगेच आवडतो. रात्री पादत्राणे अंगणात ठेवू नयेत, आणि सकाळी झटकूनच घालावीत. कोकणातील तांबडा विंचू मुलांच्या जिवावर बेततो. त्याच्या दंशावर प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून देणारे महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर हे मूळचे आपल्याच मराठवाड्यातील, जालना जिल्ह्याचे. दंश झालाच तर मंत्र-उतारा न करता १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. माणगावचे उपजिल्हा रुग्णालय कोठे आहे हे निघण्यापूर्वीच चालकाला ठाऊक असावे.

काळाचा विचार शेतकरी घराने आपल्या कामाशी जुळवून करावा. सोयाबीन निघाले, दिवाळी झाली, आणि हळद काढणीला अजून अवकाश आहे असा जो मार्गशीर्ष-पौषाचा काळ असतो, तो हवेच्या दृष्टीनेही किनाऱ्यावर उत्तम. फक्त नाताळचा आठवडा गर्दीमुळे वगळावा. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे, आणि फाल्गुनात ती शिजवण्या-वाळवण्याची धांदल असताना घर सोडणे कोणालाच शक्य नसते. ज्यांना शेतीचे बंधन नाही अशा शिक्षक वा नोकरदार कुटुंबांनी मात्र मार्चचा एखादा जोडून आलेला सुटीचा काळ पाहावा, कारण बागमांडल्याच्या फेरीबोटीने खाडी ओलांडली की जवळच असलेल्या वेळास गावी, नाना फडणवीसांच्या मूळ गावी, ऑलिव्ह रिडले कासवांची पिले त्या सुमारास समुद्रात सोडली जातात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ पासून हे संरक्षणाचे काम उभे केले आणि गावकऱ्यांनी ते आपलेसे केले. घरटी सकाळी आणि संध्याकाळी उघडून पाहतात. कधी पिले असतात, कधी नसतात, हे मुलांना आधीच सांगून ठेवावे आणि तेथे एका रात्रीचा मुक्काम धरावा, म्हणजे दोन वेळा पाहण्याची संधी मिळते.

परतीच्या दिवशी सकाळची ओहोटी मुलांना पुरती खेळू द्यावी, अंगावरची वाळू गोड्या पाण्याने धुवावी, कोरडे कपडे वेगळ्या पिशवीत हाताशी ठेवावेत, आणि परतीच्या गाडीची वेळ पाहून मोटार पनवेलकडे काढावी. मुंबई-गोवा महामार्गावर कोंडी होण्याची शक्यता गृहीत धरून दोन तासांचा अवधी जास्त ठेवला, तर परतीची गाडी चुकत नाही.